दर पावसाळ्यात परत येणारे लीकर आणि आमचा हिरवागार एफएमईए

लक्षण आधी सांगते, म्हणजे ज्यांच्याकडे हेच दुखणं आहे त्यांना लगेच ओळखू येईल. सेवेचं पाकीट मशीनवरून उतरतं तेव्हा छान फुगलेलं असतं. पेटीत भरताना कुणाला काही खटकत नाही. आठ-दहा दिवसांनी दुकानदाराचा फोन येतो, ‘ताई, पाकिटं बसली.’ म्हणजे हवा गेली, सेव मऊ पडली, आणि थोडे दिवस अजून गेले तर खवट वासही. आमच्याकडे याला एकच शब्द आहे, लीकर. जूनच्या शेवटी तक्रारी सुरू होतात, राखीपर्यंत वाढत जातात, दिवाळीनंतर विरतात. मग सगळे विसरतात. पुढच्या जूनमध्ये पुन्हा हजर.

मी इंदूरला सांवेर रोडच्या औद्योगिक भागात एका मध्यम आकाराच्या नमकीन कारखान्यात क्वालिटी बघते. बारीक सेव, लौंग सेव, दोन तऱ्हेची मिक्स्चरं, मसाला शेंगदाणे. पाकिटं भरणारी तीन उभी मशीन आहेत: वरून फिल्मचा रोल उतरतो, कॉलरवरून गुंडाळला जाऊन नळी बनते, मागची उभी शिवण लागते, मग आडवे जॉ, म्हणजे गरम जबडे, मिटतात आणि खालच्या पाकिटाचं तोंड व वरच्याचा तळ एकाच दाबात बंद होतो. चार पावसाळे मी हा प्रकार पाहिला. चारही वेळा उपाय तोच: जॉवरचं टेफलॉन (फिल्म चिकटू नये म्हणून लावलेलं आवरण) बदला, तापमान पाच अंश चढवा, ऑपरेटरला झापा. दोन दिवस बरं वाटायचं.

यात लाजेची गोष्ट अशी की आमच्याकडे एफएमईए, म्हणजे कामात काय-काय बिघडू शकतं याचा आकडे घातलेला तक्ता, तयार होता. माल घेणाऱ्या एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या ऑडिटसाठी केलेला, एक्सेलमध्ये, रंग भरून. त्यात एक ओळ होती: ‘पाकीट लीक होणे’. सिव्हिरिटी ६, ऑकरन्स ६, डिटेक्शन २, गुणाकार ७२. आमची धोक्याची रेघ शंभरावर ओढलेली, त्याखालचं सगळं चालतंय असं धरायचं, म्हणून ७२ हिरवं. चार वर्षं ती ओळ हिरवी होती आणि चार वर्षं गोदामाच्या कोपऱ्यात परत आलेल्या पेट्यांची थप्पी होती. दोन्ही मी रोज बघत होते. एकाचा दुसऱ्याशी संबंध आहे हे डोक्यात आलं नाही.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. फेल्युअर मोड अँड इफेक्ट्स ॲनालिसिस म्हणजे कामाची एकेक पायरी घ्यायची आणि विचारायचं: इथे काय बिघडू शकतं, बिघडलं तर कुणाचं काय नुकसान, कशामुळे बिघडेल, आणि बिघडलेलं आपल्याला कळेल कसं. मग तीन आकडे, प्रत्येकी १ ते १०. नुकसान किती मोठं ती सिव्हिरिटी, कारण किती वेळा घडतं ते ऑकरन्स, आणि माल बाहेर जाण्याआधी आपल्या हाती ते लागतं का ते डिटेक्शन. तिघांचा गुणाकार म्हणजे आरपीएन. याची मुळं अमेरिकी सैन्याच्या ९ नोव्हेंबर १९४९ च्या एका कार्यपद्धतीत आहेत. पुढे ते अपोलो मोहिमेत आलं आणि सत्तरच्या दशकात मोटारींच्या धंद्यात. आम्ही खाद्यपदार्थवाले ज्या एचएसीसीपीची (अन्नातले धोके ओळखून आधीच रोखण्याच्या पद्धतीची) फाइल कपाटात ठेवतो, तेही साठच्या दशकात अंतराळवीरांच्या जेवणासाठी पिल्सबरी कंपनी आणि नासा यांच्या कामातून निघालं. तेव्हा ‘हे मोटारवाल्यांचं आहे, मोटार कारखान्यांच्या पीथमपूरला शोभतं, आपल्याला काय करायचंय’ असं म्हणण्यात अर्थ नाही. मी स्वतः म्हणत होते.

डिटेक्शनचा आकडा उलटा चालतो, हे मुद्दाम सांगते. चटकन सापडत असेल तर १, कधीच सापडत नसेल तर १०. आमच्या पहिल्या बैठकीत निम्म्या लोकांनी ‘आपलं चेकिंग एकदम मस्त, दहापैकी नऊ’ अशा चालीवर मार्क दिले होते. तक्ता भरताना हे एकदा मोठ्याने बोलून घ्या, नाहीतर सगळं गणित पाण्यात.

आता चूक कुठे होती ते. एक नव्हती, पण पहिली चूक त्या ओळीतच होती.

‘पाकीट लीक होणे’ ही तक्रार आहे, तिला कारण समजून आम्ही बसलो होतो. डॉक्टरने केसपेपरवर नुसतं ‘ताप’ लिहावं तसं. टायफॉइड आणि मलेरिया एकाच ओळीत लिहिले की गोळी एकच मिळणार, आणि आमची ती गोळी म्हणजे टेफलॉन.

म्हणून गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मी परत आलेल्या पेट्या फोडल्या. साधन म्हणजे एक निळी प्लास्टिकची बादली, पाणी, आणि मार्कर. सोबत मेंटेनन्सचे काका. लोकमान्य नगरात राहतात, पाकीट मशीनवर त्यांची उभी हयात गेली आणि एक्सेलवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. पाकीट पाण्याखाली धरायचं, दोन्ही हातांनी हळू दाबायचं, बुडबुडे कुठून येतात तिथे मार्करने गोल काढायचा. बसलेल्या पाकिटात हवाच नसते, मग बुडबुडे कुठले? अशा पाकिटाला मध्यावर बारीक भोक पाडून सायकलच्या पंपाने हवा भरायची आणि ते भोक अंगठ्याने दाबून धरायचं. हे काकांचं. पहिल्या तासात कपडे भिजले, दुसऱ्या तासात ढीग पडायला लागले.

सगळ्यात मोठा ढीग होता फुलीचा. मागची उभी शिवण जिथे आडव्या शिवणीला भेटते, नेमक्या त्या जागी गोल. तिथे फिल्मचे चार पदर येतात आणि लगेच शेजारी दोनच. चारांवरून दोनांवर उतरताना जी पायरी पडते, तिच्या काठाला केसाएवढी पोकळी राहते. जॉचा दाब किंवा थांबण्याचा वेळ कमी पडला तर आतला वितळणारा थर ती पोकळी भरत नाही. बाहेरून शिवण अगदी सरळ, दातेरी, देखणी दिसते.

दुसरा ढीग चुऱ्याचा. शिवण सोलून पाहिली की आत सेवेची कणी किंवा मसाल्याची रेघ. हे जवळजवळ सगळं बारीक सेवेचं. तिसरा ढीग छोटा पण विचित्र: फक्त डाव्या कोपऱ्यात गळती. पाकिटावरच्या कोडवरून मशीन शोधलं तर सगळी मशीन दोनची. चौथा ढीग असा की शिवणी ठणठणीत, पण पाकिटाच्या अंगाला टाचणीएवढं छिद्र. हा लौंग सेवेचा.

एका ओळीच्या चार ओळी झाल्या, आणि चौघींचं औषध वेगवेगळं. टेफलॉन यातल्या एकाही ढिगाचं मूळ कारण नव्हतं. काका बादली उपडी करत म्हणाले, ‘ताई, चार वर्षं आपण टेफलॉनवाल्याचं घर चालवलं.’

दुसरी चूक डिटेक्शनच्या आकड्यात. २ का दिला होता? कारण दर अर्ध्या तासाला पाच पाकिटं काढून पाण्यात बुडवायची आमची पद्धत. रजिस्टर आहे, सही आहे, ऑडिटरही खूश. आता मी केलेला हिशेब तुमच्या मशीनच्या वेगावर करून पाहा. मशीन मिनिटाला ६० पाकिटं काढतं, म्हणजे अर्ध्या तासात १८००. समजा शंभरात एक लीकर आहे. त्या अर्ध्या तासात अठरा लीकर गेले. पाच पाकिटं तपासली तर पाचही चांगली निघण्याची शक्यता ०.९९ चा पाचवा घात, म्हणजे ०.९५. शंभरातल्या पंचाण्णव वेळा रजिस्टरमध्ये ‘ओके’ येणार. आठ तासांची पाळी धरा: २८,८०० पाकिटं, २८८ लीकर, तपासणी ८० पाकिटांची. ०.९९ चा ऐंशीवा घात ०.४५ च्या आसपास. शंभरात एक पाकीट गळत असूनही जवळजवळ निम्म्या पाळ्यांत दिवसभरात एकही लीकर सापडणार नाही. आणि सापडलाच तर ऑपरेटर काय करतो? पाकीट बाजूला टाकतो, दुसरं उचलून बुडवतो, ते ठीक निघतं, सही करतो. त्याला दोष देत नाही. ‘लीकर सापडला तर मशीन थांबव’ असं आम्ही कुठेच लिहिलं नव्हतं.

मग हे डिटेक्शन २ कसलं? ८. खरं तर ९ म्हणणारे काका होते, मी ८ वर अडले कारण मला ऑफिसात तोंड दाखवायचं होतं. शंभरात एक लीकर पंचाण्णव टक्के खात्रीने पकडायचा तर सुमारे ३०० पाकिटं तपासावी लागतात.

तिसरी चूक ऑकरन्सची, आणि माझ्या मते खरी मेख इथे आहे. ऑकरन्सचा ६ आम्ही तक्रारींवरून काढला होता. बारा महिन्यांपैकी चार महिने तक्रारी, म्हणजे मध्यम. पण तक्रारीचा आकडा आणि बिघाडाचा आकडा एकच का असेल? मी राखीव नमुन्यांचं कपाट उघडलं. प्रत्येक बॅचची काही पाकिटं आम्ही मुदत संपेपर्यंत ठेवतो. एप्रिल-मे महिन्यांतली पाकिटं काढली आणि तीच बादली घेऊन बसले. लीकर होते. भर उन्हाळ्यात भरलेल्या मालात, जेव्हा एक फोन आला नव्हता, फुलीवर तेच गोल.

म्हणजे लीकर बारा महिने बनत होते. माळव्यातल्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत गळक्या पाकिटातली सेवही बऱ्यापैकी कुरकुरीत राहते, आणि खवट व्हायच्या आत खपून जाते. पाऊस लागला की तेच भोक आत दमट हवा ओढतं आणि सेव आठवड्यात माना टाकते. पावसाळा बिघाड घडवत नव्हता, उघडा पाडत होता. त्यात भर अशी की राखीपासून दिवाळीपर्यंत मागणी चढते, म्हणून आम्ही मशीनचा वेग ५० वरून ६० वर नेतो. वेग वाढला की जॉ मिटून राहण्याचा वेळ घटतो, आणि फुलीची पायरी भरायला नेमका तोच वेळ लागतो. तापमान पाच अंश चढवल्याने थोडं सावरायचं, दोन दिवस बरं वाटायचं ते यामुळे. मग चुरा, मग फिल्म आकसून शिवणीला सुरकुत्या, आणि पुन्हा तेच.

तुमचीही एखादी तक्रार दर वर्षी एका ठरावीक मोसमात येत असेल तर त्या मोसमातल्या मशीनकडे बघण्याआधी तक्रार नसलेल्या महिन्यातला माल तपासा. आमची चार वर्षं वाचली असती.

नवे आकडे मग असे आले. चुरा: ६, ८, ८, गुणाकार ३८४. फुली: ६, ७, ८, म्हणजे ३३६. मशीन दोनचा कोपरा: ६, ४, ८, म्हणजे १९२. छिद्र: ६, ३, ८, म्हणजे १४४. हिरव्या ७२ मधून चार लाल ओळी निघाल्या. शेठना पत्रक दाखवलं तर पहिलं वाक्य आलं, ‘एवढं लाल? ऑडिटला काय दाखवणार?’ नंतर त्यांनीच ते टेफलॉनचं बिल काढून पाहिलं, हेही सांगायला हवं.

इथपर्यंत ठीक. पण मोठ्या आकड्यावरून लहान आकड्याकडे यादी लावली आणि माझ्या पोटात गोळा आला.

आमची दोन मिक्स्चरं आहेत. एकात शेंगदाणे आहेत, दुसऱ्यात नाहीत. दोन्हींची फिल्म लाल-पिवळी, रोलवर चढवल्यावर लांबून सारखीच दिसते. रोल बदलताना चुकून दुसरा चढला तर शेंगदाण्याचं मिक्स्चर बिनशेंगदाण्याच्या पाकिटात जाणार. खाद्यपदार्थांच्या लेबलविषयीच्या २०२० च्या नियमांत ज्या ॲलर्जीकारक घटकांची नोंद बंधनकारक आहे त्यांत शेंगदाणा आहे, आणि ते उगीच नाही. ज्याला तीव्र ॲलर्जी आहे त्याच्या जिवावर बेतू शकतं. सिव्हिरिटी १०, यात वाद नाही. ऑकरन्स २, डिटेक्शन ५. गुणाकार १००.

त्याच यादीत फिल्मच्या छपाईचा रंग फिका-गडद येण्याची ओळ होती. सिव्हिरिटी ३, ऑकरन्स ७, डिटेक्शन ५. गुणाकार १०५.

यादीप्रमाणे आम्ही आधी लाल रंगाची छटा सुधारणार होतो आणि मग, वेळ उरला तर, कुणाचा तरी घसा सुजण्याची काळजी करणार होतो.

हा आरपीएनचा जुना दोष आहे. तीन आकडे गुणले की तिघांचं वजन सारखं होतं. मरण आणि छटा एका तराजूत बसतात. शिवाय १ ते १००० असं दिसत असलं तरी त्या गुणाकारातून वेगवेगळे आकडे फक्त १२० च निघतात: १००० च्या खाली थेट ९००, मग ८१०. त्यामुळे १०५ आणि १०० मधल्या पाच गुणांना काही अर्थ नसतो, ते ७ ऐवजी ६ म्हटल्यावर उडून जातात. आणि शंभराची रेघ ओढली की माणसं रेघेखाली जायला शिकतात. आमच्या जुन्या पत्रकात ९६ आणि ९० किती वेळा आले होते ते मोजलं तर हसू येईल. मोटार उद्योगाच्या अमेरिकी आणि जर्मन संघटनांनी २०१९ मध्ये मिळून जी पुस्तिका काढली, तिच्यात म्हणूनच आरपीएन सोडून दिलाय. तिथे आधी सिव्हिरिटी बघतात, मग ऑकरन्स, शेवटी डिटेक्शन, आणि त्यावरून काम तातडीचं, मध्यम की सावकाशीचं हे ठरतं. नमकीनला ती पुस्तिका लागू नाही, पण क्रम उचलायला कुणाची परवानगी लागत नाही.

आम्ही आता असं करतो: सिव्हिरिटी ९ किंवा १० असेल तर पुढचे आकडे काहीही येवोत, ती ओळ पहिल्या पानावर. गुणाकार फक्त उरलेल्यांना, आणि तोही अंदाजाला. धातूचा तुकडा, झाऱ्याच्या जाळीची तार, चुकीची फिल्म, या ओळी तिथे बसल्या. लीकरची भानगड सुरू असताना आम्ही पहिलं काम लीकरचं केलंच नाही. फिल्मच्या रॅकला दोन वेगळ्या रंगाच्या पाट्या, मशीनजवळ एका वेळी एकच रोल, जुना रोल रॅकवर परत गेल्याशिवाय नवा निघणार नाही, आणि पहिलं पाकीट फाडून दोघांच्या सहीने रजिस्टरला चिकटवायचं. खर्च म्हणाल तर पाट्या आणि डिंक.

आता मशीनकडे. क्रमाने सांगते, पण तुमच्याकडचा क्रम तुमच्या बादलीवरून ठरवा.

मशीन दोनचा कोपरा सगळ्यात सोपा निघाला. जॉ थंड करून घ्या. पांढरा कागद आणि त्यावर कार्बन पेपर, कार्बनची बाजू कागदाकडे, दोन्ही जॉच्या मध्ये धरा आणि हाताने एकदा जॉ मिटवा. कागदावर जॉच्या दातांचा ठसा उमटतो. आमच्या कागदावर उजवीकडून निघालेल्या काळ्याभोर रेघा डावीकडे येता येता फिक्या होत गेल्या आणि शेवटच्या बोटभर जागेत नुसती सावली. जॉ समांतर नव्हते. काकांनी पातळ पत्र्याचा तुकडा घालून बोल्ट आवळला, पुन्हा कागद, पुन्हा थोडा पत्रा. चौथ्या कागदावर ठसा टोकापासून टोकापर्यंत सारखा आला. तो कागद मी तारीख घालून मशीनच्या दारावर आतून चिकटवलाय. दर सोमवारी नवा कागद काढून त्याच्याशी ताडतो.

त्याच मशीनवर आणखी एक गंमत सापडली. डिस्प्लेवर १५० अंश स्थिर, पण जॉच्या पृष्ठभागावर स्पर्शाचा तापमापक लावला तर डावं टोक बरंच कमी. थर्मोकपल, म्हणजे जॉचं तापमान मोजणारी काडी, त्याच्या भोकात पूर्ण बसलंच नव्हतं. डिस्प्लेला जे दाखवलं जातं तेच तो दाखवतो. जॉला हात लावून बघणारं कुणीतरी लागतं. (अक्षरशः हात लावू नका.)

फुलीसाठी तीन गोष्टी केल्या. मागच्या शिवणीचा पदर गरजेपेक्षा रुंद येत होता, तो कमी केला आणि एकाच बाजूला सपाट दुमडला जाईल अशी पट्टी बसवली. जॉचा दाब थोडा वाढवला. आणि वेग ६० वरून ५५ वर आणला. शेवटच्या गोष्टीवर सगळ्यात जास्त भांडण झालं. ‘सीझनमध्ये मशीन हळू?’ मी परत आलेल्या पेट्यांचा आणि मिनिटाला पाच जास्त पाकिटांचा हिशेब शेजारी शेजारी मांडला, तेव्हा कुठे सुटलं. पेटी परत येते तेव्हा भाडं दोनदा जातं आणि दुकानदाराच्या फळीवरची आपली जागाही.

चुऱ्याचं उत्तर मात्र मला ऑफिसात मिळालं नाही, ते झाडू मारणाऱ्या मावशींकडून आलं. आकडे टाकायची बैठक मी यंदा मशीनपाशी उभ्याने घेतली, ऑपरेटर, काका, पेट्या भरणाऱ्या बायका, सगळ्यांना धरून. मावशी बाजूला उभ्या होत्या. ‘तीन नंबरखाली सकाळी जास्त चुरा असतो,’ एवढंच म्हणाल्या. सकाळी म्हणजे रात्रपाळीचा. रात्री काय वेगळं होतं? रात्री बारीक सेवेच्या पोत्यांचा तळ संपवत होते. पोत्याच्या तळाशी सगळा भुगा. हॉपरमध्ये, म्हणजे मशीनवर माल ओतायच्या पेटीत, उपडं केलं की अर्धी सेव, अर्धा भुगा. सेव झटकन पडते. भुगा तरंगत, नळीच्या भिंतीला चिकटत मागून येतो आणि मिटणाऱ्या जॉच्या तोंडात सापडतो. उपाय दोन: हॉपरच्या आधी चाळणी, आणि माल पडल्यानंतर जॉ मिटेपर्यंतचा वेळ बारीक सेवेसाठी थोडा वाढवून त्या मालाची वेगळी सेटिंग. तळाचा भुगा आता पाकिटात जात नाही. रात्रपाळीवाले त्याचं काय करतात ते विचारू नका, पोह्यावर छान लागतो.

आकडे टाकण्याबद्दल एक अनुभव. एकाने ३ म्हटलं आणि दुसऱ्याने ८, तर सरासरी काढून साडेपाच लिहू नका. त्या दोघांना बोलू द्या. माझ्या अनुभवात त्यांतल्या एकाला असं काही माहीत असतं जे दुसऱ्याने पाहिलेलंच नसतं. ऑपरेटर चुऱ्याला ८ देत होता, फोरमन ३. फोरमन रात्री नसतो.

डिटेक्शनसाठी महागडं यंत्र लगेच मिळणार नव्हतं. काकांची युक्ती चालू केली. प्रत्येक पाळीला प्रत्येक मशीनची शंभर पाकिटं एका टेबलावर पसरायची, वर प्लायची फळी, फळीवर पिठाची पोती. दुसऱ्या दिवशी फळी काढायची. बसलेलं पाकीट लांबून दिसतं. पाळीभर पाचपाच करून ८० पाकिटं तशीही बुडवत होतो; पण त्यात घाईने दाबलेल्या पाकिटातून बारीक गळती सुटायची, इथे रात्रभर दाब राहतो. शंभरात एक लीकर असेल तर शंभर पाकिटांत निदान एक सापडण्याची शक्यता ६३ टक्के. पूर्ण नाही, पण रोज तीन मशीनवर केलं तर आठवड्यात चित्र लपत नाही. माल एक दिवस थांबवूनच गाडीत चढतो. डिटेक्शन ८ वरून ५ केलं, त्याखाली आणायला मी तयार नाही. आणि फळीखाली दोनपेक्षा जास्त सापडले तर त्या पाळीचा माल अडकवायचा, हे यावेळी लिहून काढलं.

फेरतपासणीत एक मोह टाळा. काम झाल्यावर आकडे पुन्हा टाकताना आमच्या फोरमनने सिव्हिरिटीही ६ वरून ३ केली, ‘आता लीक होतंच नाही ना’. होत नसेल तर ऑकरन्स उतरतो. झालं, तर खाणाऱ्याच्या हातात तीच मऊ, खवट सेव पडणार, म्हणून सिव्हिरिटी जिथल्या तिथे. ती उतरवायची तर वस्तूच बदलावी लागते. चुकीच्या फिल्मची सिव्हिरिटी आजही १० आहे आणि राहील.

यंदाचा हिशेब: राखीपर्यंत तक्रारी आल्या, पण दोन्ही हातांच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यांतल्या जास्त लौंग सेवेच्या. म्हणजे चौथा ढीग, छिद्रांचा. सेवेची टोकं आतून टोचतात की पेटीत दाबून भरताना होतं, यावर काका आणि मी अजून भांडतोय. डोंगराकडे जाणाऱ्या मालात छिद्रं जास्त वाटतात. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, तिकडे वर हवेचा दाब कमी, पाकीट आणखी फुगतं आणि पेटीत एकमेकांवर घासतं, असा माझा अंदाज. काका म्हणतात पेट्या भरणाऱ्या पोरी गुडघ्याने दाबतात. एक जाड फिल्मचा रोल ट्रायलला आलाय, तो सोमवारी तीन नंबरवर चढवतोय. निम्म्या पेट्या गुडघ्याशिवाय भरायला सांगितल्यात.